दुसऱ्याच्या हातातली कात्री

धान पिवळं पडायला लागलं की मला एका जागी बसवत नाही. लाखनीकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या दोन्ही अंगांच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, रंग बदलतात, पाणी सोडून दिलेल्या चिखलाचा वास सकाळी खिडकीतून आत येतो, आणि एखादा ट्रक गेला की मागे डिझेल आणि ओल्या तणसाचा मिळून एक तिसराच वास रेंगाळतो. भिंतींवर मंडईची पत्रकं चिकटतात. दिवाळी सरली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. लेकी माहेरी येतात, पाहुणे गाड्या जुंपून येतात, दिवसभर बाजार, रात्री दंडारीचं लोकनाट्य, आणि कुणाचं कुणाला ऐकू येणार नाही एवढा गलका. या दिवसांत इतरांना काय आठवतं, मला ठाऊक नाही. मला फिल्मची पट्टी जोडायच्या डिंकाचा वास आठवतो. तो नाकातून थेट कपाळात जायचा आणि जेवायला बसलं तरी उतरायचा नाही.

यंदा बेचैनी जास्तच आहे, कारण माझ्या खाटेखाली माझ्या स्वतःच्या फिल्मचे डबे आहेत. चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत उतरणाऱ्या माणसांवरची फिल्म. इतकी वर्षं मी मुंबईत दुसऱ्यांनी काढलेल्या फिल्मा कापल्या, जोडल्या, त्यावर पोट भरलं, मग इकडे परतले. ही पहिलीच माझी. मी ठरवली, मी उभी राहून काढून घेतली. आणि आता ती कापायला मी दुसऱ्याच्या हातात देणार आहे. हे ज्याला सांगावं तो माझं डोकं ठिकाणावर आहे का ते तपासतो. "अगं, तू स्वतः एडिटर ना? मग पैसे खर्चून दुसरा माणूस कशाला? तुझी फिल्म तुझ्याइतकी कोणाला कळणार?"

मला राग लवकर येतो. पण या प्रश्नावर नुसतं रागावून भागत नाही. माझी फिल्म मला सगळ्यांत जास्त कळते, हे खरंच आहे. तेच तर दुखणं आहे. आणि ते दुखणं समजावून सांगायचं तर मला पुन्हा त्या एका हंगामात जावं लागतं, भंडाऱ्याच्या छापखान्यात, त्या बाकड्यापाशी.

माझे बाबा ट्रेडल मशीनच्या छापखान्यात खिळे जुळवायचे. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. विणकरांची पत्रकं, हमालांची, बिडी कामगारांची. 'बंधुभगिनींनो' हा माझ्या वाचनातला पहिला लांब शब्द, आणि उद्गारचिन्हाची मला इतकी गोडी की शाळेत गणिताच्या उत्तरापुढेही मी ते टाकत असे. छापखान्यात एक रिवाज होता. पत्रक नेहमी जागेपेक्षा लांब लिहून यायचं. लोखंडी चौकटीत मावेल तेवढंच छापलं जाणार, तेव्हा कापणं भागच. पण ज्यानं लिहिलं त्यानं कापायचं नाही. लिहिणाऱ्यानं बाहेर बाकड्यावर जाऊन बसायचं, चहा प्यायचा, आणि आत दुसऱ्या कुणी ओळी काढायच्या. सभेत गर्जणारे भलेभले त्या बाकड्यावर चुळबुळत बसलेले मी पाहिले आहेत. एकदा एक पुढारी न राहवून आत आले. म्हणाले, "तेवढा दुसरा परिच्छेद राहू द्या हो. तो लिहायला मी रात्रभर जागलो."

बाबांनी खिळ्यांवरची नजर काढली नाही. म्हणाले, "तुमी जागले, भाऊ. वाचणारा कायले जागन?"

पुढारी गुपचूप बाकड्यावर परतले. मी दाराआड तोंडात फ्रॉक कोंबून हसले. हे वाक्य एक दिवस माझ्याच मानेवर बसणार आहे, हे तेव्हा कुठे माहीत होतं.

अरुण लाखनीचा. मुंबईत एका कॅमेरामनच्या हाताखाली काही वर्षं काढून परतला तो एक चावीचा कॅमेरा घेऊन. चावी भरली की जेमतेम अर्धा मिनिट चालणारा, आवाज न घेणारा, पण खराखुरा सोळा मिलिमीटरचा. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. अरुणजवळ कुठून कुठून मागून आणलेली उरलीसुरली कोरी रिळं होती आणि आम्हा दोघांच्या डोक्यात जाळ होता. बिडी वळणाऱ्या बायांवर फिल्म काढायची ठरली. चित्र त्यानं घ्यायचं, भोंग्यावरून वाचायचं निवेदन मी लिहायचं.

बिडीचा धंदा आमच्याकडे अंगणाअंगणात. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं, जर्दा, दोरा. बाया दिवसभर वळतात आणि कट्टे बांधून ठेकेदाराच्या वखारीत नेऊन देतात. तिथं तपासणारा एकेक कट्टा सोडतो आणि बिड्या बाजूला फेकतो. ही आखूड, ही सैल, हिचं तोंड नीट नाही. बाजूला पडली ती छाट. तिची मजुरी नाही आणि बिडी परतही नाही. "काय करता जी त्या बिड्यांचं?" असं कुणी विचारलंच, तर तो म्हणे, "चुलीत टाकतो." छाट पुन्हा चांगल्या मालातच जाते, असं साऱ्याजणी म्हणायच्या. पाहिलं मात्र एकीनंही नव्हतं, कारण तपासणी संपली की बायांना वखारीबाहेर काढत.

कौसल्याबाई कॅमेऱ्यासमोर बसलेली पहिली बाई. काटक, तोंडाची फटकळ, गावात कुणाचंही लग्न तिच्या टोमण्याशिवाय पार पडत नसे. छाटीतून हिसकावून आणलेल्या बिड्या तळहातावर धरून ती कॅमेऱ्याला दाखवते आहे, असं चित्र अरुणनं घेतलं. ते ठेकेदाराच्या कानावर गेलं. पुढच्या खेपेला तिला पत्ता मिळाला नाही. पत्ता म्हणजे तेंदूची पानं. पत्ता नाही तर हाताला काम नाही. "पत्ता सरला," एवढंच तिला सांगितलं. तिच्या मागे उभ्या असलेल्या बाईला मिळाला.

तिथून ती फिल्म हौस उरली नाही. मंडईला आसपासच्या गावांतल्या बिडीवाल्या बाया एका जागी येणार होत्या. तिथं फिल्म दाखवायची आणि एकच गोष्ट मागायची: कौसल्याबाईला पत्ता मिळेस्तोवर कुणीच पत्ता उचलू नये. साऱ्या थांबल्या तर ती वाचत होती. नाही थांबल्या तर ती गावात एकटी पडत होती.

"मंदे," ती मला म्हणाली, "फोटू काढला तुमी अन् चूल इझली माही. आता तुमचा सिनेमा तरी पेटवा बाप्पा."

अरुणनं फिल्म स्वतःच कापली. दुसरी प्रत काढायची ऐपत नव्हती. धुऊन आलेली पट्टी तीच मूळ, तीच कापायची, तीच जोडायची. जोड सोडवून पुन्हा बसवला की दरवेळी चित्र थोडं कमी होतं. तो जेवायचा विसरायचा, डोळे लाल करून बसायचा. मग एका दुपारी छापखान्याच्या खिडक्यांना तरटं लावून, कागदांची थप्पी बाजूला सारून, भिंतीवर आम्ही फिल्म पाहिली. कौसल्याबाई आली, तिच्या आळीतल्या बाया आल्या.

सुरुवातीलाच तलाव होता. पहाटेचं धुकं, तलावाच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, ओळीनं चाललेल्या बाया, डोक्यावर बिड्यांच्या टोपल्या, खाली पाण्यात त्यांच्या उलट्या सावल्या. एक बगळा अगदी वेळेवर उडतो. मी आजवर पाहिलेल्या चित्रांतलं ते सगळ्यांत देखणं. ते संपतच नव्हतं. एक शॉट झाला की त्याच पारीवर दुसरा, मग तिसरा. काळोखात एक म्हातारी हळहळून म्हणाली, "किती साजरं दिसून राहिलं वो! असं साजरं हाय तं भांडाचं कायले?"

कुणी हसलं नाही. तिनं टोमणा मारलाच नव्हता. तिला मनापासून तसं वाटलं होतं.

बाया गेल्यावर अरुण म्हणाला, "त्यायले सिनेमाची भाषा समजत नाही."

"असन," बाबा म्हणाले. "पण दाखवाचा तं त्यायलेच हाय ना? जाय, बस बाहीर."

"म्हणजे?"

"म्हणजे बाकड्यावर. कापन मंदा."

"मंदा? तिनं जन्मात फिल्मची पट्टी हातात धरली नाही!"

"शूटिंगले होती का ते?"

"नव्हती. नागपूरले परीक्षेले गेली होती ना."

"मंग तेच पाहिजे," बाबा म्हणाले आणि खिळ्यांच्या खणाकडे वळले.

अरुणनंच मला पट्टी खरवडायला शिकवलं, डिंक किती लावायचा, किती वेळ दाबून धरायचं ते दाखवलं. मग खरोखरच बाहेर जाऊन बसला. त्याच्या चपलेचा फटफट आवाज दिवसभर आत येत होता.

आता इथे मला माझं म्हणणं पत्रकाच्या सुरात मांडू द्या, कारण मला दुसरा सूर नीट येत नाही. दिग्दर्शक पडद्याकडे पाहतो तेव्हा त्याला पडदा दिसत नाही. त्याला ती पहाट दिसते. गारठलेली बोटं, रुसलेली सूर्यकिरणं, बायांना पुन्हा पुन्हा मागे जायला लावताना झालेली लाज, आणि अखेर बगळा उडाला तेव्हाचा तो आनंद. यांतलं काहीच पट्टीवर उमटत नाही, पण त्याला ते पट्टीवर दिसतं. ज्या चित्राला कष्ट पडले ते त्याला मोठं वाटतं, जे फुकट मिळालं ते हलकं. म्हणून शूटिंगला नसलेला एक माणूस लागतो. त्याला गारठा लागलेला नाही. त्याला बगळ्याची वाट पाहावी लागलेली नाही. पडद्यासमोर बसणाऱ्या बाईला जेवढं दिसणार, तेवढंच त्याला दिसतं. तो प्रेक्षकांनी पाठवलेला पहिला माणूस असतो. त्याला बाहेर ठेवून जो आपली फिल्म आपणच कापतो, तो सभेत स्वतःच ठराव मांडतो, स्वतःच अनुमोदन देतो आणि स्वतःच टाळ्या वाजवतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. एकट्याला कारण सांगावं लागत नाही. हात जातो, कात्री चालते, झालं. दोघं असले की तोंड उघडावं लागतं: हे का ठेवायचं? हे का काढायचं? कारण बोलून दाखवताना निम्मी कारणं जिभेवरच मरतात. आम्ही तर रोजच बोलत होतो, म्हणजे भांडत होतो. छापखान्याच्या मशीनपेक्षा आमचा आवाज मोठा.

"पारीवरचं सगळं काढलं?" अरुण दारात उभा राहून ओरडला. "सगळं?"

"सगळं."

"तुले माहीत आहे का, त्या पाण्यात मी कसा उभा होतो? पायाले जळवा लागल्या होत्या, मंदा, जळवा!"

"जळवा दिसतात का पडद्यावर?"

"तू तं ठेकेदाराच्या माणसासारखी करून राहिली. हे आखूड, ते सैल. फेक बाजूला!"

हे मला लागलं. मी दुपारभर त्याच्याशी बोलले नाही. छाटीच्या विरोधात पत्रकं लिहिणारी मी, आणि माझ्याच हातात छाटायचं काम! सूप दिसलं तरी मला अपराध्यासारखं होई. त्या दुपारी मी खरवडत बसले आणि मनात वाद घालत बसले, आणि शेवटी मला फरक सापडला. तो मी आजही सोडलेला नाही. वखारीतला माणूस कारण सांगत नाही, त्याला कुणी उलट विचारू शकत नाही, आणि जे छाटतो ते स्वतःच्या घरात ठेवतो. छाटणाऱ्यानं प्रत्येक तुकड्याचं कारण सांगितलं पाहिजे, समोरच्याला ते खोडून काढायची मुभा पाहिजे, आणि छाटलेल्यातून छाटणाऱ्याला काही मिळता कामा नये. एवढं असेल तर ती छाट नव्हे, ती सोबत आहे. संध्याकाळी मी हे अरुणला जसंच्या तसं ऐकवलं. तो म्हणाला, "भाषण झालं असन तं चहा घेशीन का?"

आम्ही चहा घेतला. पार परत आली नाही.

पण पार काढल्यावर फिल्ममध्ये भोक पडलं. उरलं काय? अंगणं, हात, सूप, कौसल्याबाईचा तळहात, आणि वखारीतली तपासणी. वखारीत अरुणला ठेकेदारानं आपण होऊन बोलावलं होतं, कौसल्याबाईच्या चित्राची बातमी त्याच्या कानी जायच्या आधी. आपला फोटो निघणार म्हणून तो नवा सदरा घालून गादीवर बसला होता. तपासणाऱ्याचा हात अरुणनं जवळून घेतला होता. बोटात तांब्याची जाड अंगठी. हात कट्टा सोडतो, बिड्या बाजूला फेकतो, पुन्हा सोडतो, पुन्हा फेकतो. चित्र चांगलं, पण त्यात नवं काय? तो हात साऱ्या बायांनी आयुष्यभर पाहिलेला.

मग मी कचरा मागितला. अरुणनं कापून टाकलेले तुकडे बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात भरून ठेवले होते. शॉटच्या आधीचे, नंतरचे, काळे, हललेले. "त्यात काही नाही," तो म्हणाला. "ते शॉट नाहीत. कॅमेरा खाली ठेवल्यावरचं आहे ते." मी तरी बसले. खिडकीपाशी एकेक तुकडा उजेडाला धरून पाहू लागले. आभाळ, चप्पल, अरुणचा अंगठा, आभाळ. आणि मग एक तिरपा तुकडा. अर्धी चौकट गोणपाटानं झाकलेली, उरलेल्या अर्ध्यात जग आडवं झालेलं. त्या आडव्या जगात एक हात होता. हात बाजूला पडलेल्या बिड्या गोळा करत होता. गोळा करून, सारख्या करून, दोऱ्यानं कट्टा बांधत होता आणि बांधलेल्या कट्ट्यांच्या ढिगावर ठेवत होता. हाताच्या बोटात तांब्याची जाड अंगठी होती.

"अरुण!" मी अशी ओरडले की बाबांच्या हातातून खिळे सांडले.

झालं होतं असं. चित्र घेऊन झाल्यावर अरुणनं पुढच्या शॉटसाठी चावी भरून कॅमेरा एका पोत्यावर ठेवला आणि तो ठेकेदाराशी बोलायला वळला. ठेवताना कॅमेऱ्याची चालू कळ दाबली जाऊन अडकली. बाया बाहेर गेल्या होत्या. चावी उतरेपर्यंत कॅमेरा एकटाच पाहत राहिला. पुढे रीळ धुऊन आलं तेव्हा अरुणनं तो तुकडा पाहिलासुद्धा नाही. त्यानं तो घेतलाच नव्हता, मग त्यात असणार काय? कापला, डब्यात टाकला.

अरुणनं तो तुकडा खिडकीशी नेऊन उलटसुलट करून पाहिला. म्हणाला, "हा माझा शॉट नाही."

"नाहीच," मी म्हटलं. "म्हणून तर."

मी ते दोन तुकडे जोडले. अंगठीचा हात फेकतो. अंगठीचा हात गोळा करतो. पट्टीवर दोन्हींच्या मध्ये एक जोड आहे, नखानं चाचपला तर लागतो. साऱ्या फिल्मचं बोलणं त्या जोडात होतं.

माझंही पितळ उघडं पडायचं राहिलं नाही. त्या जागेसाठी मी निवेदन लिहिलं. काय लिहिलं असेल, पत्रकांवर वाढलेल्या पोरीनं! शोषण, नंगा नाच, रक्तपिपासू, आणि ओळीगणिक उद्गारचिन्हं. बाबांनी कागद माझ्या हातातून घेऊन अरुणला दिला आणि मला बोटानं बाकडं दाखवलं. मी बाहेर बसले. चहा थंड झाला. पायानं माती उकरून उकरून मी बाकड्याखाली खड्डा केला. अरुण बाहेर आला तेव्हा कागदावरचं जवळपास सगळंच खोडलं गेलं होतं. त्या हातांच्या जागी एक शब्द उरला नव्हता.

"एक तरी वाक्य ठेव!" मी म्हटलं. "ही सगळ्यांत मोठी जागा आहे."

"म्हणूनच. इथं तू बोलली ना मंदा, तं मी भोंगा उचलून तलावात फेकीन."

मंडईच्या दिवशी दंडारवाल्यांनी आपला पांढरा पडदा दिला. अंधार पडल्याबरोबर, दंडार सुरू व्हायच्या आत आम्हाला वेळ मिळाला होता. समोर माणसंच माणसं, जिलेबीचा धूर, पाळण्याचा करकराट, बायांच्या कडेवर पेंगुळलेली लेकरं. कौसल्याबाई अगदी पुढे बसली होती, पण पडद्याकडे पाठ करून. तिला फिल्म पाहायची नव्हती. तिला बायांची तोंडं पाहायची होती.

फिल्म सुरू झाली. मी भोंग्यावर उरलेली वाक्यं वाचली. अंगण आलं, सूप आलं, "ते पाहा, गंगूचं दार!" असा एक आवाज आला, हशा झाला. कौसल्याबाईचा तळहात आला. मग अंगठीचा हात आला, फेकू लागला, आणि बाया जराशा कंटाळल्या. मी भोंगा तोंडापासून दूर धरला. बोलायची इतकी सवय, आणि शांततेवर माझा कधीच भरवसा नव्हता.

जग आडवं झालं. हात गोळा करू लागला.

 फक्त प्रोजेक्टरची टरटर. मग मधूनच कुणीतरी म्हणालं, "थांबा, थांबा. मागं घ्या ना ते."

"फिरून दाखवा!"

अरुणनं रीळ मागे घेतलं, फिरून दाखवलं. आता बाया उठून पडद्याजवळ आल्या होत्या. एकीनं चक्क पडद्यावर बोट ठेवलं. "हे पाहा, आंगठी! त्याचीच होय ना वो?"

"तो तं म्हने चुलीत टाकतो!"

"चूल नाही वो बाई, कोठार होय त्याचं!"

हशा फुटला, पण तो आधीच्या हशासारखा नव्हता. त्याला धार होती. "फिरून दाखवा" असं पुन्हा आलं, आणि मी पाहिलं की कौसल्याबाई अजून पाठ करूनच बसली होती. तिनं पडदा पाहिला नाही तो नाहीच. तिला हवं होतं ते तिला समोरच्या तोंडांवर दिसत होतं.

पत्ता वाटायच्या दिवशी बाया रिकाम्या टोपल्या घेऊन वखारीसमोर जाऊन बसल्या. आधी कौसल्याबाई, असं त्यांनी सांगितलं. ठेकेदार ओरडला, मग हसला, मग आत गेला. शेवटी कौसल्याबाईच्या टोपलीत पत्ता पडला तेव्हाच बाकीच्यांनी टोपल्या पुढे केल्या. छाट त्यानं थांबली असं मी म्हणणार नाही. खोटं लिहायला मी पत्रकातही शिकले नाही. पण ती बाई एकटी पडली नाही.

आणि तरी मला तो हंगाम आठवला की समाधान वाटत नाही. धान चुरणं म्हणजे मळणी चालली होती तेव्हा कौसल्याबाई एकदा छापखान्यात आली. जरा घुटमळली, तिच्या स्वभावात नसलेलं घुटमळली.

"मंदे, तो तलावाच्या पारीवरचा फोटू कुठं गेला वो? मी आंधीच्या डावी पाह्यला होता ना इथं, भितीवर. सगळ्याईच्या पुढं मीच होती. जरीकाठाचं लुगडं नेसून गेली होती त्या दिवशी."

"काढून टाकला, मावशी."

"काहून?"

मी खरं ते सांगितलं. "साजरी दिसत होती म्हणून."

ती मग हसली. "घ्या बाप्पा! जलमात एक डाव साजरी दिसली, तं तेबी छाटीतच गेली."

मी अरुणकडून ती पट्टी मागून घेतली आणि तिला दिली. तिनं दारातच उन्हाकडे धरून पाहिली, पदरात गुंडाळली आणि गेली. पुढे मी मुंबईला गेले, एका अंधाऱ्या खोलीत बसून दुसऱ्यांची चित्रं कापू लागले, आणि दर खेपेला कात्री लावताना ते वाक्य कानाशी आलं. ती पार मी आजही कापीन. चुकले असं मला वाटत नाही. पण कापलेल्यात कुणाचं तरी जरीकाठी लुगडं असतं, हे विसरून कापणारा माणूस वखारीतला होतो. म्हणूनही दोघं लागतात. एकाच्या हातात कात्री, आणि दुसरा दारात उभा राहून ओरडणारा, जळवा लागल्या होत्या जळवा.

आता माझ्या डब्यांबद्दल. त्यात एक शॉट आहे. पाळी सुटल्यावर माणसं खाणीतून वर येतात आणि उजेड लागताच सगळ्यांचे डोळे एकदम मिटतात. मिटल्या डोळ्यांनी त्यांतला एक जण हसतो. कशाला हसतो, मला माहीत नाही. हा शॉट मिळवायला मी किती हेलपाटे घातले, कुणाकुणाच्या विनवण्या केल्या, कॅमेरा ऐन वेळी दोनदा रुसला, माझी चप्पल त्या काळ्या धुळीत तुटली. तो शॉट चांगला आहे का? मला सांगता येत नाही. मी तो दुसऱ्या कुणाच्या फिल्ममध्ये पाहिला असता तर एका क्षणात सांगितलं असतं. माझ्यात पाहते तेव्हा मला फक्त तुटलेली चप्पल दिसते.

इथवर लिहिलं, आणि दोन दिवसांनी वरठीच्या स्टेशनवर अरुण आला. तो आता नागपुरात असतो. लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटी कापून पोट भरतो आणि मधूनमधून खरं काम करतो. चिखला गाव त्यानं पाहिलेलं नाही. मी पाहू दिलं नाही, मुद्दामच. कारखान्याची पाळी सुटली होती, सायकलींची रांग फाटकापाशी खोळंबली होती. आम्ही प्लॅटफॉर्मवर उभे राहिलो. केस पिकले म्हणून तो मला हसला, मी त्याच्या पोटाला हसले. मी डब्यांची पिशवी त्याच्याकडे दिली आणि तोंड उघडलं.

"तुझ्या जीवाचा शॉट कोणता, ते सांगू नको," तो म्हणाला. "मले सापडून जाईन. कचरा कुठं आहे?"

कचऱ्याचा डबा मी पिशवीत सगळ्यांत खाली, टॉवेलात गुंडाळून ठेवला होता. आणावा की नाही, असा घोळ मी सकाळी घातला होता. त्यात नुसतं हललेलं, काळं, वाया गेलेलं होतं. त्यात काही नाही, असं सांगायला माझी जीभ वळलीसुद्धा. मी ती आवरली. अरुणनं टॉवेल सोडला.

गाडी आली. तो खिडकीशी बसला, पिशवी मांडीवर, आणि गाडी हलायच्या आधीच त्यानं कचऱ्याचा डबा उघडून एक तुकडा उजेडाला धरला. त्याच्या कपाळावर आठी पडली. कोणता तुकडा होता तो? काय दिसलं त्याला? मी खिडकीच्या गजांना धरलं.

"अरुण, ऐक ना, खाणीच्या तोंडाशी जो—"

"बाकड्यावर बस," तो म्हणाला. नजर पट्टीवरून काढली नाही.

गज हातातून सुटले. गाडी गेली, फाटक उघडलं, सायकली सुटल्या. चहावाला समोर येऊन उभा राहिला. मी एक चहा घेतला आणि बाकड्यावर जाऊन बसले, आणि पायानं माती उकरत राहिले.